मुदत नसलेलं कलम

(सोलापुरात दिलेल्या एका जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या तंबाखू नियंत्रण करारापासून सुरुवात करतो. मे २००३ मध्ये तो मंजूर झाला, फेब्रुवारी २००४ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला. त्यात ३८ कलमं आहेत. त्यातली दोनच आज शेजारीशेजारी ठेवून पाहू.

अकरावं कलम पाकिटावरच्या इशाऱ्याचं आहे. करार लागू झाल्यावर तीन वर्षांच्या आत इशारा छापायचा, तो शक्यतो दर्शनी भागाच्या निम्म्या जागेवर असावा, आणि काही झालं तरी ३० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. सतरावं कलम तंबाखूवर पोट असणाऱ्यांचं आहे. शेतकरी, कामगार आणि किरकोळ विक्रेते यांच्यासाठी परवडणारे पर्यायी व्यवसाय उभे राहावेत म्हणून देशांनी परस्परांच्या सहकार्याने, योग्य वाटेल तसं, प्रोत्साहन द्यावं. बस, एवढंच. किती वर्षांत, किती माणसांना, कुणाच्या पैशाने, यातलं काहीही त्यात नाही.

पहिल्या कलमाचं काय झालं ते पानपट्टीवर दिसतं. १ एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा असतो, म्हणजे कराराने मागितलं त्याच्या कितीतरी पुढे आपण गेलो. त्याच वर्षी नोव्हेंबरात या कराराची सातवी जागतिक परिषद भारतातच, ग्रेटर नोएडाला भरली. दुसऱ्या कलमाचं काय झालं ते पाहायला आपल्या शहराच्या पूर्वभागात यावं लागतं. तिथे आजही हजारो बायका दारात बसून विड्या वळतात.

तंबाखू कमी व्हायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात धूर जातो आणि वळणारीच्या नाकातोंडात दिवसभर तंबाखूची धूळ जाते. म्हणूनच या दोन कलमांतला फरक मला फार गंभीर वाटतो. मागणी कमी करण्याची बाजू मुदत आणि आकड्यासह लिहिली गेली, आणि त्या घटलेल्या मागणीची किंमत जिच्या चुलीवर पडणार तिची बाजू सदिच्छेवर सोडली गेली. आंतरराष्ट्रीय सहकार्य कुठे माणसापर्यंत पोचतं आणि कुठे वाटेत जिरतं, हे मला आज याच कसोटीवर तपासायचं आहे.

आधी काम नीट पाहू, कारण पर्याय देणारे बहुतेक जण इथेच चुकतात. कारखान्यातून पाला म्हणजे तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मिळतो, आणि हिशेब हजार विड्यांवर असतो. घरी आणलेला पाला भिजवायचा, निथळवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. पान कोरडं पडलं तर वळताना चिरतं, फार ओलं राहिलं तर विडीला बुरशी धरते. मग पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचं, मांडीवरच्या सुपातला तंबाखू त्यात भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. सराईत बाई दिवसभर बसली तर हजारापर्यंत जाते. स्वयंपाक, पाणी, मुलं सांभाळून करणारी पाचशे-सहाशेवर थांबते. विड्या कारखान्यात नेल्या की तपासणारा छाट काढतो, म्हणजे नापास विड्या बाजूला करतो. त्यांची मजुरी मिळत नाही. छाटीला नियमांत मर्यादा आहे, पण ती मोजायला बाईच्या बाजूने तिथे कुणी उभं नसतं. शिवाय पाला फाटका किंवा डागाळलेला निघाला तर दिलेल्या मालात हजार विड्या होतच नाहीत, आणि तूट भरून काढायला ती पदरच्या पैशाने पाला घेते. दर कागदावर एक आणि हातात पडणारा दुसरा, याचं मुख्य कारण छाट आणि तूट हे आहे.

एवढं असूनही हे काम टिकतं, कारण त्याला भांडवल लागत नाही, वीज लागत नाही, मूल रडलं की हात थांबवता येतो, आठवड्याला रोख पैसे येतात आणि आजूबाजूच्या सगळ्या बायका तिच्यासारख्याच तेलुगू बोलणाऱ्या असतात. जो पर्याय यातल्या तीनचार गोष्टी एकदम काढून घेतो तो कितीही चांगला असला तरी टिकत नाही.

सोलापुरात पहिला पर्याय सुचतो तो शिवणकामाचा. गणवेशाचा धंदा इथे मोठा आहे, टॉवेल-चादरींची शिलाई आहे. नेहमीचा कार्यक्रम असा असतो की काही आठवड्यांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र, जमलं तर एक मशीन. मशीनवर हात बसायला मात्र महिने लागतात, आणि त्या काळात तिची कमाई विडीपेक्षाही खाली जाते. ही तूट कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते. दुसऱ्या महिन्यात घरभाडं थकतं आणि ती सुपाकडे परत येते. अहवालात ती ‘प्रशिक्षित’ म्हणून मोजली गेलेली असते, कारण मोजणी प्रमाणपत्राच्या दिवशीच झालेली असते. म्हणून असा कोणताही प्रकल्प समोर आला की मी पहिल्यांदा विचारतो, शिकण्याच्या काळात विडीच्या मजुरीइतका भत्ता किमान तीन महिने धरला आहे का? नंतर कामाची ऑर्डर कोण देणार, पैसे आठवड्याला मिळणार की महिन्याला, शहराबाहेरच्या कुंभारीहून एमआयडीसीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ आणि भाडं कोण सोसणार, लहान मुलं कुठे ठेवायची? आणि मोजणी प्रशिक्षणानंतर बारा महिन्यांनी होणार का? पन्नाशी उलटलेल्या बाईला नवा धंदा शिकवण्याचा आग्रह मात्र सोडावा. तिला निवृत्तिवेतन आणि दवाखाना नीट मिळाला तर तोच तिचा पर्याय आहे.

यातली एक बाब इतकी स्वस्त आहे की ती सुटते याचं वाईट वाटतं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. विडी बोटांच्या सवयीने वळता येते, सुईत दोरा ओवता येत नाही. आसामच्या चहामळ्यांत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जवळचा चष्मा दिल्यावर पानं खुडण्याचं काम साधारण २२ टक्क्यांनी वाढलं. बांगलादेशात ३५ ते ६५ वयाच्या ८२४ ग्रामीण कामकऱ्यांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चष्मा मिळालेल्यांचं मासिक उत्पन्न आठ महिन्यांत सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त निघालं. शिवणवर्गात नाव घेण्याआधी प्रत्येक बाईची जवळची नजर तपासावी. अनेकींची हुशारी कमी पडत नसते, त्यांच्या चष्म्याचा नंबर काढलेला नसतो.

आता निवृत्तिवेतनाकडे येऊ, कारण पूर्वभागातल्या म्हाताऱ्या बायकांचं निम्मं आयुष्य या कागदांत अडकलेलं आहे. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी १९७७ पासून लागू आहे. दहा वर्षांची सेवा भरली तर ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होतं, आणि सप्टेंबर २०१४ पासून त्याची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण तीही अडते, आणि अडण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं कारण नाव. कारखान्याच्या रजिस्टरात माहेरचं घरगुती नाव, आधारवर सासरचं, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. तेलुगू आडनाव मराठी कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असतं. दुसरं कारण जन्मतारीख. रजिस्टरात अंदाजे वय आणि आधारवर १ जानेवारी. तिसरं कारण बोटं. वर्षानुवर्षं पान आणि तंबाखू चोळून बोटांच्या रेषा झिजतात आणि हयातीच्या दाखल्याला मशीन ठसा घेत नाही. यावर आता उपाय आहे. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली आहे आणि मोबाइलवर ती चालते. पण ती करताना प्रकाश समोरून हवा, आणि आधारशी जोडलेली माहिती आधी दुरुस्त केलेली हवी. क्रम चुकला की अर्ज परत येतो. आधी आधार आणि भविष्य निधीतलं नाव जुळवा, मग बँक, आणि दाखला शेवटी. हा क्रम पाळला तर खेटे निम्म्याने वाचतात.

घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कायदा आहे का? आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, एप्रिल २००० पासून तो लागू आहे. तो घडवून आणण्यात अहमदाबादच्या ‘सेवा’ या आपल्याच महिला कामगार संघटनेचा फार मोठा वाटा होता. तरी भारताने त्याला अद्याप मंजुरी दिलेली नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो. महामारीच्या आधी, २०१९ मध्ये, जगात सुमारे २६ कोटी माणसं घरून काम करत होती, असा याच संघटनेचा अंदाज आहे. करारासोबत १८४ क्रमांकाची शिफारस आहे आणि मला ती कराराइतकीच कामाची वाटते. प्रत्येक घरकामगाराच्या नोंदीत काय असावं हे ती नेमकं सांगते: ठरलेला दर, कामाला लागणारा वेळ, कामगाराने स्वतः केलेला खर्च आणि त्यातला परत मिळालेला भाग, केलेल्या कपाती, एकूण मजुरी, हातात दिलेली मजुरी आणि तारीख.

ही यादी वापरायला दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही. दोनशे पानी वही घ्या. रोजच्या पानावर मिळालेला पाला आणि तंबाखू वजनाने, दिलेल्या विड्या, छाट किती, विकत घेतलेला पाला किती रुपयांचा, मिळालेले पैसे, एवढे रकाने आखा. वजन अंदाजाने लिहू नका, पाच किलोचा काटा दहा घरांत मिळून घ्या. वही बाईला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून भरून घेण्याचा मोह होतो. तसं करू नका, मुलीला हळूहळू विडीच्याच कामात ओढण्याची ती सुरुवात ठरते. गल्लीतल्या एका बाईला मानधन देऊन आठवड्यातून दोनदा वह्या भरून घ्या. तीन महिन्यांच्या अशा पन्नास वह्या असल्या तर छाट आणि तूट यांवर आकड्यांनिशी बोलता येतं. १९६६ चा विडी कामगार कायदा आता कामाच्या जागेच्या सुरक्षिततेबद्दलच्या २०२० च्या श्रमसंहितेत विलीन झालेला आहे, आणि कल्याण निधीला पैसा पुरवणारा विडीवरचा उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेला. अशा वेळी स्वतःची नोंद हातात असणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

आता जिथे सहकार्य खरोखर शेवटच्या माणसापर्यंत पोचलं ते उदाहरण घेतो. कुष्ठरोग. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने एका औषधाऐवजी अनेक औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. १९९५ पासून ही औषधं जगभर फुकट मिळू लागली, आधी एका जपानी प्रतिष्ठानाच्या पैशातून आणि २००० पासून एका औषध कंपनीच्या देणगीतून. २८ दिवसांचं एक पाकीट असतं. महिन्यातून एकदा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम आणि क्लोफॅझिमिन ३०० मिलिग्रॅम घ्यायचं, घरी रोज डॅप्सोन १०० आणि क्लोफॅझिमिन ५० मिलिग्रॅम. जंतूंचं प्रमाण जास्त असलेल्या प्रौढ रुग्णाला अशी १२ पाकिटं लागतात. अक्षर न येणाऱ्याला कोणती गोळी कधी घ्यायची ते पाकिटावरूनच कळतं, आणि किती गोळ्या राहिल्या ते कर्मचाऱ्याला एका नजरेत दिसतं. किती पाठवायचं, कुणी द्यायचं, कधी संपणार, सगळं त्या पाकिटातच ठरलेलं होतं. म्हणून ते झालं.

पुढे काय बिघडलं तेही सांगायला हवं. दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने राष्ट्रीय पातळीवर डिसेंबर २००५ मध्ये गाठलं. ‘निर्मूलन झालं’ असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला, घरोघरचा शोध सैलावला, फक्त कुष्ठरोगासाठी नेमलेले कर्मचारी सर्वसाधारण सेवेत गेले. रुग्ण उशिरा सापडू लागले, तोवर नस गेलेली असते. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, आणि बायका शेजारपाजाऱ्यांना कळेल या भीतीने गोळी मधेच सोडतात. ही काळपट छटा औषध संपल्यावर हळूहळू जाते, हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर अनेकजणी टिकतात. संवेदना गेलेल्या पायाला मऊ रबराची चप्पल लागते, तिच्यात एकही खिळा नको. टोचलेला खिळा त्या माणसाला समजत नाही, समजते ती जखम. पाकीट जिनिव्हाहून येऊ शकतं, चप्पल इथल्या चांभाराला शिकवावी लागते. आणि अपमान? तो संपायला आणखी वेळ लागला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणारी तरतूद आपल्या कायद्यातून २०१९ मध्ये निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कुष्ठरुग्णांविरुद्धचा भेदभाव संपवण्याची तत्त्वं त्याच्या नऊ वर्षं आधी, २०१० मध्येच मान्य केली होती.

दुसरं चांगलं उदाहरण मराकेश कराराचं. २७ जून २०१३ ला झालेल्या या कराराने अंध, अल्पदृष्टी आणि छापील पुस्तक हाताळू न शकणाऱ्या वाचकांसाठी पुस्तकाची सुगम प्रत (ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल) काढायला आणि ती देशाबाहेर पाठवायला प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही. जून २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. आपला कॉपीराइट कायदा त्याच्या दोन वर्षं आधीच तसा बदललेला होता. २० देश झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून करार लागू झाला, आणि त्याच वर्षी आपल्याकडे अशा पुस्तकांचं ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं.

तरीही इथल्या अंध विद्यार्थ्याला हवं ते मराठी पुस्तक पटकन मिळत नाही, आणि तो दोष कराराचा नाही. मराठी पुस्तकांच्या मूळ फायली वर्षानुवर्षं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेताच्या, बाहेरच्या फॉन्टमध्ये बनलेल्या आहेत. पडद्यावर त्या मराठी दिसतात, पण पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, त्यातून अर्थहीन अक्षरं वाचतो. फाईल मिळाली तर ती युनिकोडमध्ये बदलून जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार तपासावे लागतात. फाईल नसेल तर पान ३०० डीपीआयवर स्कॅन करून अक्षर ओळखणाऱ्या प्रणालीतून काढायचं, आणि मग घ-ध, भ-म यांची गल्लत हाताने सुधारायची. प्रकरणांना शीर्षक म्हणून खूण द्यायची, म्हणजे वाचकाला थेट सातव्या धड्यावर जाता येतं. छापील पानाचा क्रमांक ठेवायचा, नाहीतर वर्गात ‘पान ४२ उघडा’ म्हटलं की तो विद्यार्थी एकटा पडतो. आकृतीचं वर्णन लिहायचं, आणि ते विषय शिकवणाऱ्यानेच लिहायचं. हे काम महाविद्यालयातली मुलं शिकून करू शकतात. प्रकाशकांना माझी एकच विनंती आहे: पुढचं पुस्तक युनिकोडमध्ये जुळवा, निम्मं काम तिथेच संपतं.

मोजणीबद्दल थोडं बोलतो. २०११ च्या जनगणनेत ‘ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या विकलांग आहे का’ असा थेट प्रश्न होता, आणि उत्तर आलं २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा जगभरचा अंदाज १६ टक्क्यांचा आहे. व्याख्या वेगळ्या आहेत हे खरं, पण अंतराचं एक मोठं कारण प्रश्नात आहे. दारात आलेल्या अनोळखी माणसासमोर घरच्या मुलीवर शिक्का मारायला कुणाचं मन होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने सहा साधे प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही दिसायला, यंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष लावायला, अंघोळ-कपडे स्वतः करायला, आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला समजायला अडचण येते का? उत्तरं चार: अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. सहापैकी एकालाही शेवटच्या दोनपैकी उत्तर आलं तर ती व्यक्ती मोजायची. सर्वेक्षक तीन ठिकाणी चुकतात. सुरुवातीलाच ‘विकलांग’ शब्द उच्चारतात, चार उत्तरं पूर्ण वाचून दाखवत नाहीत, आणि त्या व्यक्तीला बाजूला ठेवून घरच्या कर्त्याला विचारतात. लहान मुलांसाठी हे सहा प्रश्न वापरू नयेत, त्यांच्यासाठी युनिसेफबरोबर केलेली वेगळी प्रश्नावली आहे.

मोजणी बरोबर झाली की घर बरोबर बांधता येतं. सोलापुरात कामगारांच्या घरांचं मोठं काम झालेलं आहे. गोदूताई परुळेकर वसाहतीत सुमारे दहा हजार विडी कामगार बायकांना २००६ मध्ये घरं मिळाली, आणि ३० हजार घरांच्या रे नगर योजनेतली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. कामगार नेते कॉम्रेड नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेच्या रेट्याने हे घडलं, परदेशी मदतीने नव्हे, आणि त्याचा शहराला अभिमान असायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं ३२ वं कलम सांगतं की विकासाच्या कामातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य सर्वांना सामावणारं आणि सुगम हवं. भारताने हा करार १ ऑक्टोबर २००७ ला मान्य केला. आपल्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकार मानले आणि गरिबी निवारणाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण दिलं. पण घराच्या दारात गणित साधं आहे: उताराचं प्रमाण एकास बारा. दीड फूट जोत्याला अठरा फूट उतार लागतो आणि छोट्या घरासमोर तेवढी जागा नसते. मग कंत्राटदार सहा फुटांत उतार बसवतो आणि त्यावरून चाकाची खुर्ची मागे घसरते. हा प्रश्न नकाशाच्या वेळीच सुटतो, म्हणजे काही घरांचं जोतं सहा इंचांवर ठेवायचं आणि पाणी वळवायला पुढे गटार घ्यायचं.

पैशाकडे वळू. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत म्हणून द्यावेत हे १९७० साली ठरलं, बहुतेकांनी ते कधीच पाळलं नाही. १९९५ च्या मार्चमध्ये कोपनहेगनला सामाजिक विकासाची पहिली जागतिक शिखर परिषद झाली, ११७ राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख आले, दहा वचनं दिली गेली. मदतीचा २० टक्के आणि सरकारी अंदाजपत्रकाचा २० टक्के भाग मूलभूत सामाजिक सेवांवर खर्च व्हावा अशी सूचना तिथे होती, पण ऐच्छिक. दुसरी परिषद नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहाला झाली. मधल्या तीस वर्षांत भारत घेणाऱ्याबरोबर देणाराही झाला. २०१७ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांबरोबर विकसनशील देशांसाठी दहा कोटी डॉलरचा निधी उभा केला. सोलापूरला याचं नवल वाटू नये. १९३८ साली चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी द्वारकानाथ कोटणीस याच गावचे.

छोट्या संस्थेला परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक विवरण भरावं लागतं. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला हा पैसा देणं बंद झालं. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्थांमार्फत जिल्ह्यातल्या लहान संस्थांना मिळणारी वाट त्यामुळे बंद झाली. माझ्या मते याचा सगळ्यात जास्त फटका गल्लीत काम करणाऱ्यांना बसला. आता त्यांनी आपल्या कामाचं मोल घेऊन करार करावा, प्रशिक्षण किंवा सर्वेक्षणाची सेवा म्हणून, आणि तोही सनदी लेखापालाला विचारूनच.

शेवटचा मुद्दा, वरपर्यंत बोलायचं कसं. आपल्या शहरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना तारेच्या कुंपणात डांबलं त्यांचे वारस तिथे राहतात. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण त्याच जमातींवर संशय ठेवणारे सराईत गुन्हेगारांचे कायदे मागे राहिले. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला नेमकी हीच बाब दाखवून ते रद्द करायला आणि विमुक्तांचं, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींचं, पुनर्वसन करायला सांगितलं. म्हणजे वस्तीतली गोष्ट जिनिव्हाच्या कागदावर जाऊ शकते.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत प्रत्येक देशाची ठराविक वर्षांनी तपासणी होते. भारताची चौथी फेरी नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. तिथे सामाजिक संस्था स्वतःचं निवेदन देऊ शकतात: एकट्या संस्थेला २,८१५ शब्द, अनेकांनी मिळून दिलं तर ५,६३०. ते सत्राच्या काही महिने आधी, मुदतीत आणि संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या अधिकृत भाषेत पोचायला हवं. भावनेने भरलेली पानं तिथे वाचली जात नाहीत. मागच्या फेरीत भारताने कोणती शिफारस स्वीकारली, तिचा क्रमांक, मग इथली स्थिती दोनतीन आकड्यांत, मग एकच मागणी, अशा क्रमाने लिहा. तंबाखू कराराखालीही देशांना दर दोन वर्षांनी अहवाल द्यावा लागतो आणि त्यात सतराव्या कलमाबद्दल प्रश्न असतात. तो अहवाल कुणालाही वाचता येतो. त्यातली उत्तरं आणि आपल्या पन्नास वह्या शेजारी ठेवा. बायकांची नावं काढून टाका, प्रत्येकीची लेखी संमती तिच्या भाषेत समजावून घ्या, मूळ वही तिच्याकडेच ठेवा आणि तुम्ही फक्त छायाप्रत घ्या.